ताणा नसलेले खुंट

भाऊ,

तुझ्या दारासमोरचे खुंट लोकांनी उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते. तुला न्यायला वाट पाहिजे होती म्हणून उपटले, असं शेजारच्या तुळसाबाईनं सांगितलं. नंतर ते परत ठोकावेत की चुलीत घालावेत, हे कोणाला ठरवता येईना, म्हणून आपले तसेच उभे राहिले. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे एकदा बघायचा आणि मान फिरवायचा. मला ते सहन होईना. शेवटी मीच एकेक करून ते आत आणले आणि तुझ्या मागाशेजारी आडवे ठेवले. बाभळीचे जड खुंट, माझे हात दुखून आले. अंगात एवढा ताप असताना तू ते ठोकलेस कसे, तूच जाणे.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आहे. वरोऱ्याच्या खोलीवर जाऊन तरी काय करणार, म्हणून मी इथंच राहिले आहे. हे लिहिताना तुझ्या जागेवर बसले आहे, पाय खड्ड्यात सोडून. मागाचा हा खड्डा लहानपणी मला विहिरीएवढा खोल वाटायचा. आता पाय सहज खालच्या, पायानं दाबायच्या पावड्यांना टेकतात. तू असतास तर म्हणाला असतास, "सुमे, बसून राह्यलीस तं चालव ना मंग." चालवू काय? मागावर काही चढवलेलंच नाही. आणि त्याबद्दलच तर तुला विचारायचं आहे.

विचारलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. जन्मभर आवडलं नाही. कोणी "कसा आहेस" म्हटलं तरी तू अशी मान हलवायचास, जणू त्यानं उधारी मागितली आहे. पण आता तुला उठून मागावर जाता येत नाही, म्हणून ऐकून घे.

मागच्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलींना पांजणी समजावून सांगत होते. त्यांना वाटायचं, विणकर म्हणजे दिवसभर एकटा बसून खटखट करणारा माणूस. मी म्हटलं, ते खरंच आहे गं, पण त्याआधी ताण्याचं उभं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्याला भाताच्या पेजेची खळ पाजावी लागते, नाहीतर मागावर धागे तटातट तुटतात. ती पांजणी. एकट्यादुकट्याचं काम नाही ते. ताण्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं लागतात, समोरासमोरच्या जोडीनं हातात कुंचा धरून एका पावलानं चालावं लागतं, आणि ऊन तापायच्या आत सगळं उरकावं लागतं. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग लोकांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन बोलवावं लागत असेल ना?" मला हसू आलं. बोलवायचं कसलं? आपल्या गल्लीत पांजणीला बोलवणं म्हणजे समोरच्याचा अपमान. सकाळी उठून दारासमोर खुंट ठोकायचे. ठकठक ऐकली की ज्याला हात आहेत तो कुंचा घेऊन येतो. ठोकणाऱ्यानं सांगायचं नाही आणि येणाऱ्यानं विचारायचं नाही. मुलींना ही पद्धत फार आवडली. मलाही सांगताना अभिमान वाटला. तेव्हा काय माहीत होतं.

आईची खोड आठवते तुला? ज्या दोघांचं भांडण असेल, त्यांना ती पांजणीत हटकून समोरासमोर उभं करायची. गल्लीतल्या सगळ्यांना तिची ही चाल ठाऊक होती आणि तरी कोणी नाही म्हणायचं नाही. पावलाला पाऊल लावायचं तर समोरच्याकडे बघावंच लागतं. आपल्या दोघांनाही तिनं असंच उभं केलं होतं, मी तुझा नवा धोटा होडी म्हणून गावच्या बोडीत, तळ्यात सोडला तेव्हा. तो बुडाला आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस. दोन्ही बाजूंना चांगली टोकं काढलेला, तेल पाजलेला सुरेख धोटा होता तो, तुझ्या हातचा पहिला. तू मुद्दाम लांब ढांगा टाकत होतास आणि मी फ्रॉक सावरत पळत होते, कारण सूत तुटलं असतं तर आईनं दोघांनाही धुतलं असतं. ताण्याच्या मधोमध आल्यावर तुलाच हसू फुटलं. "बदकावानी चालून राह्यली," म्हणालास. झालं, भांडण संपलं. माफी कोणी मागितली नाही. आपल्या घरात ती कोणाला मागताच यायची नाही.

मला शाळेत पाठवलंस तू. बाबांच्या मनात नव्हतं, तू त्यांच्यासमोर बोलला नाहीस, नुसता माझ्या वाट्याच्या सुताच्या कांड्या स्वतः भरायला लागलास. बाबांनी बघितलं आणि गप्प बसले. मी शिकले, नोकरीला लागले, वरोऱ्याला संसार केला, आणि हे गेले तेव्हा तू येऊन चार दिवस माझ्या दारात बसलास. एक शब्द बोलला नाहीस. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवसांत जे जे लोक पुष्कळ बोलून गेले त्यांतलं मला काही आठवत नाही, आणि तू दाराशी बसलेला तेवढा आठवतोस.

तुझं आणि माझं खरं भांडण एकच होतं. वहिनी पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली, पुढे बाबा आणि आई गेले, आणि तू या घरात एकटा उरलास. मी दर सुट्टीत यायची आणि म्हणायची, भाऊ, वरोऱ्याला चल. तू म्हणायचास, तू इथी ये. दोघंही आपापल्या जागेवरून हलायला तयार नव्हतो आणि दोघंही समोरच्याला हट्टी म्हणत होतो. गावात लोक म्हणायचे, देवाजी खड्ड्यात राहतो. सकाळी खड्ड्यात उतरला की जेवायला वर, परत आत. मला ते ऐकून वाईट वाटायचं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर तू माझा हात धरून मागावरच्या सुतावर ठेवलास.

"इथी पाह्य, जाड लागते ना? हा कवडूचा हात आहे. कुंचा घेऊन चालते तं जागच्या जागी थांबूनच जाते बुढा. अन् इथी पातळ. ही तुळसाबाई. बोलता बोलता कुंचा उचलूनच घेते. सारे दिवसभर माह्यासंगं राह्यतेत. एकटा कुठी आहो मी?"

मला सगळं सूत सारखंच लागत होतं. पण तू इतक्या खुशीत सांगत होतास की मी हो म्हटलं. मग माझं मास्तरीण असणं आड आलं. मी म्हटलं, "त्यांच्याशी बोलता येतं का तुला इथं बसून?"

"बोलाले काऊन पायजे?" तू म्हणालास, आणि पावडीवर पाय दिलास.

बोलून काही उपयोग नव्हता, माग सुरू झाला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. हा तुझा जुना डाव. वाद अंगावर आला की माग चालवायचा.

गल्लीतले माग एकेक करत बंद पडले, तेही तू असंच मुकाट्यानं बघितलंस. कोणी कागदाच्या कारखान्यात गेलं, कोणी कोळशाच्या खाणीवर. घरोघरी टेरिकॉट आलं. कवडूभाऊंनी त्यांच्या मागाचा खड्डा बुजवून त्यावर धानाची कोठी ठेवली. तू त्यांना काही म्हणाला नाहीस. ते तरी काय करणार होते, लेकरं मोठी होत होती. पण कुंचा त्यांनी टाकला नाही. तुझे खुंट वाजले की धानाच्या बांधीवर निघालेला माणूसही विळा ठेवून यायचा. फक्त माणसं कमी होत गेली. मला एका सुट्टीत दिसलं की तुझा ताणा पूर्वीसारखा पिंपळापर्यंत जात नाही, कवडूभाऊंच्या दारापाशीच संपतो. मी विचारलं, आखूड का केलास? "इतकीच मानसं आहेत, इतकाच ताणा," म्हणालास, जसं काही हे दुकानातलं माप आहे. नंतर तो तुळसाबाईच्या दारापर्यंत आला. ती तर लागूनच राहते.

तरी तुझी थट्टा काही कमी झाली नाही, हे सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तू नुसता तोंड पाडून बसायचास. आपला भाग चांदा जिल्ह्यातून निघून गडचिरोलीत गेला, तेव्हा गावभर चर्चा चालली होती, आता कचेरीच्या कामाला कुठं जायचं म्हणून. तू मागावरून म्हणालास, "मी तं उठलोबी नाई, अन् लोक म्हणतेत तू दुसऱ्या जिल्ह्यात गेला." कवडूभाऊ अजून ते सांगतात. परवाच सांगत होते, सांगता सांगता हसले आणि मग घोंगडं तोंडावर घेतलं.

आता उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिन्यात मी आले तेव्हा कवडूभाऊंच्या तोंडून कळलं की आदल्या पावसाळ्यात तुला हिवताप आला होता. आठवडाभर तू घरात पडून होतास आणि कोणाला सांगितलं नाहीस. माग बंद आहे म्हणून लोकांना वाटलं, सूत आलं नसेल. तुळसाबाई रोजच्यासारखी वरण घेऊन यायची, पण तू दारातूनच भांडं घ्यायचास. मी तुला फैलावर घेतलं. माझा आवाज चढला, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. कोणाचाही चढला असता.

"माणसानं हाक मारावी, भाऊ! शेजारी माणसं आहेत की भुतं?"

"हाक काऊन मारू? खुंट ठोकले का येतेत ना सारे."

"ते ताण्यासाठी येतात. ताप आल्यावर काय खुंट ठोकशील?"

तू हसलास. तुझे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तू हसलास की लहान दिसायचास. "ठोकीन ना," म्हणालास. "पाह्यजो तू, येतेत का नाई."

मला इतका राग आला की मी ताट सरकवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं मी परत निघाले. तू फाट्यापर्यंत पिशवी घेऊन आलास, लाखोरीच्या डाळीचं पुडकं माझ्या हातात दिलंस, आणि गाडी सुटली तरी हात हलवला नाहीस. तू कधीच हलवायचा नाहीस. खिडकीतून मागे बघितलं तर तू गाडीकडे पाठ करून चालायला लागला होतास. ते आपलं शेवटचं भांडण. कोण बरोबर, ते ठरायचं राहून गेलं.

पुढचं मला तुळसाबाईनं सांगितलं, आणि एकदाच नाही, रोज सांगते. दसरा झाला होता, हलकं धान कापणीला आलं होतं. आभाळ येऊन गेलेलं, धान शेतात लोळण्याआधी कापायचं म्हणून सगळ्यांची घाई. त्या सकाळी तुझ्या दारासमोर ठकठक झाली. तुळसाबाई कुंचा घेऊन बाहेर आली, आणखी चार जण आले. खुंट ठोकलेले होते. ताणा नव्हता. खळीचं भांडं नव्हतं. बांबूच्या कैच्याही नव्हत्या ताणा टेकवायला. आणि तुझं दार लोटलेलं होतं.

"आमी म्हनलं, उद्याची तयारी करून ठेवली असंन," ती म्हणते. "घडीभर थांबलो. मंग गेलो धान कापाले. विचारा कसं, बाई? पांजणीत कोनी विचारते का?"

कोणी विचारत नाही. मला माहीत आहे. मीच तर मुलींना कौतुकानं सांगितलं होतं.

संध्याकाळी ती वरण घेऊन आली तेव्हा तू मागाशेजारी पडलेला होतास, अंग निखाऱ्यासारखं. तिनं आरडाओरडा केला, सगळे धावले, बैलगाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, मलेरिया मेंदूत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. माझ्या शाळेत तार आली. मी येईपर्यंत त्यांनी तुला थांबवून धरलं, अंगावर पांढरं कापड घातलं. ते तुझंच विणलेलं होतं. मी तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला पहिली गोष्ट काय सुचली असेल? ओरडावंसं वाटलं, आता तरी बोल.

मग गल्लीत चर्चा सुरू झाली की तू खुंट का ठोकलेस. एक जण म्हणतो, ताप डोक्यात चढला होता, तुला भान नव्हतं, हाताला सवय म्हणून ठोकलेस. दुसरा म्हणतो, खरंच पांजणी करायची होती, ताणा बाहेर आणायची ताकद राहिली नाही. कवडूभाऊ काही म्हणत नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी सुताचं गाठोडं बघितलं. विणकरांच्या सोसायटीतून आलं तसंच, शिवण उसवलेलीसुद्धा नाही. ताण्याचा एक धागाही तू काढला नव्हतास. पांजणी करायची नव्हती तुला.

आपलं मे महिन्यातलं बोलणं फक्त मला ठाऊक आहे. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून त्या बिचाऱ्यांना काय वाटेल? की देवाजीनं हाक मारली आणि आपण सगळे कुंचे खांद्यावर टाकून धान कापायला गेलो? त्यातल्या एकाच्याही मनात खोट नव्हती. ते आले होते, भाऊ. तू म्हणाला होतास तसे आले. ताणा दिसला असता तर धान तसंच टाकून उभे राहिले असते.

पण माझ्या मनाला रोज हाच किडा पोखरत होता. ती हाक होती की नव्हती? खरं सांगू, मी मनातल्या मनात म्हणत होते, नसू दे. ताप डोक्यात चढलेला असू दे. कारण तसं असेल तर निदान तू दार लोटून आत कोणाची वाट बघत पडला नसशील. आणि लगेच वाटायचं, हे काय मागतेय मी? जन्मभर ज्याच्याशी भांडले की हाक मार, हाक मार, त्यानं मरतानासुद्धा मारली नसावी असं मागतेय? यातलं कुठलं खरं असलेलं मला चालेल, तेच कळत नव्हतं.

इथं राहून आणखी एक कळलं. तुळसाबाई रोज माझ्यासाठीही वरण आणते. काल ती भांडं ठेवून दारात उभी राहिली, पदराशी चाळा करत. मला फार वाटत होतं, तिनं बसावं. घर खायला उठतं रे, भाऊ. माग चालत नसला की या घरात काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण माझ्या तोंडून आलं काय, तर "भांडं उद्या देते." ती गेली. मी भात कालवला आणि तसाच ठेवला. वरोऱ्यालाही माझं हेच आहे. चाळीसारख्या खोल्या, भिंतीला भिंत, सकाळ-संध्याकाळ नमस्कार, आणि रविवारी मी कोणाशी बोलले म्हणावं तर भाजीवालीशी. तुला तरी सुतात माणसं सापडायची. मला मुलींच्या वह्यांत लाल शाई तेवढी.

आज सकाळी मी खुंट उचलले.

ठरवून नाही. उजाडलं, अंगणात सडा घातला, आणि हात मागाशेजारच्या त्या खुंटांकडे गेले. जुनी भोकं मातीत अजून होती. त्यांतच उभे करून दगडानं ठोकायला लागले. तुझ्यासारखा घाव बसेना, खुंट तिरके जायला लागले, एकदा तर अंगठ्यावरच बसला. पण आवाज झाला. लहानपणी आपण अंथरुणात ऐकायचो तोच. मी दगड खाली ठेवला आणि एकाएकी मला लाज वाटली, भीती वाटली. म्हटलं, लोक म्हणतील देवाजीची बहीण वेडी झाली. दार लोटून आत जावं असं अगदी मनात आलं.

तोपर्यंत तुळसाबाई बाहेर आली होती. हातात कुंचा. मागून दोघी बाया, कमरेला विळे खोचलेले. मग चार घरं पलीकडून कवडूभाऊ आले, झिजून टक्कल पडलेला तो कुंचा घेऊन. कोणी काही विचारलं नाही. रिकाम्या खुंटांकडे बघत उभे राहिले. एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "चाल, उशीर होऊन राह्यला." आणि त्या वळायला लागल्या. भाऊ, तू त्या दिवशी काय बघितलं असशील ते मी बघितलं.

कवडूभाऊ मात्र हलले नाहीत. त्यांनी विचारलं. आपल्या गल्लीत पांजणीला आलेल्या माणसानं विचारलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

"बाई, ताणा कुठी आहे?"

वीस वर्षं फळ्यासमोर बोलून कमावलेली भाषा कुठं गेली कोण जाणे. आईच्या तोंडचंच आलं.

"ताणा नाई, कवडूभाऊ. मले लय एकटं वाटून राह्यलं. बसा ना जराक."

तुळसाबाई तिथंच बसली, धुळीत, माझा हात धरून. त्या दोघी बायाही परतल्या. कवडूभाऊ उभेच. त्यांच्या हातातला कुंचा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांनाच काही होतंय.

"त्यानंबी असंच म्हनलं होतं," ते म्हणाले.

"कोणी?"

"देवाजीनं. मी त्या दिवशी साऱ्यायच्या पयले आलो होतो. तो उंबऱ्यावर बसून होता घोंगडं घेऊन. मी म्हनलं, ताणा कुठी आहे बे? तं म्हने, नाई आज ताणा. बस ना जराक, म्हने. मी म्हनलं, धान पडून जाईन रे बापा, संध्याकाळी बसू. तं म्हने, हाव, जाय. अन् आत गेला. दार लोटलं त्यानं." कवडूभाऊंनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "अख्ख्या जल्मात त्यानं मले कधी बस म्हनलं नाई, बाई. मी तुह्या आईसंगं बोलो, तुह्यासंगं बोलो, हा आपला मागावर. अन् ज्या दिवशी म्हनलं, मले समजलं नाई. कोनाले सांगू हे?"

तू म्हणालास, भाऊ. खुंटावर भागवलं नाहीस, तोंडानं म्हणालास. ताप डोक्यात चढला नव्हता, हाताची सवय नव्हती. तू हाक मारलीस. मे महिन्यात ताट सरकवून उठलेल्या बहिणीचं तू ऐकलंस. आपल्या त्या भांडणात मी बरोबर निघाले, आणि तूही बरोबर निघालास, लोक आले होते. मी किती दिवस घाबरत होते या उत्तराला, आणि ते आलं तेव्हा मला रडू फुटलं, पण त्या रडण्यात मला, कसं सांगू, बरं वाटलं. तू मुका गेला नाहीस. एवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे. सहन होत नाही, तरी ऋणी आहे.

कवडूभाऊ पाठ फिरवून निघाले होते. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं, त्यालाही आपलं घर गाठायचं होतं, दार लोटायचं होतं. मी उठले आणि वाटेत आडवी उभी राहिले, आई उभी राहायची तशी.

"कवडूभाऊ," मी म्हटलं, "तो बस म्हणाला होता ना? मंग बसा आता."

ते वळले आणि तुझ्या उंबऱ्यावर जाऊन बसले, बाजूला जराशी जागा सोडून. ऊन वर आलं, तापायला लागलं, आणि धान कापायला कोणी उठलं नाही.